‘कळवतो’चा खण

मित्रांनो, मी एक जुना खण आहे. लोखंडी कपाटातला, खालून दुसरा. माझ्या वरच्या खणात बिलं असतात, खालच्यात चहाचे कप. माझ्यात माणसं असतात. म्हणजे त्यांचे बायोडेटा. पण माझ्या लेखी ती माणसंच.

नवा होतो तेव्हा मी बोटाच्या धक्क्याने सुळकन सरकायचो. “खण असावा तर असा!” असं कारकून काका म्हणायचे. कामाच्या शोधात कुणी आलं की साहेब त्याचा कागद घेत आणि म्हणत, “असू दे आमच्याकडे. जागा निघाली की कळवतो.” मग तो कागद माझ्या पोटात. किती विश्वासाचं काम आपलं, असं मला वाटायचं!

एकदा एक ताई आली. तिच्या कागदाच्या कोपऱ्यावर इवल्या बोटाचा दुधाळ ठसा होता. हिशेबाचं काम तिला चांगलं येत होतं. बाळासाठी नोकरी सोडली होती, आता पुन्हा हवी होती. काकांनी तिचा कागद जपून ठेवला. अंधारात तो ठसा मला जाणवत राहायचा. आता दात आले असतील, आता उभं राहत असेल, असं मी मनाशी म्हणायचो.

कागद येतच राहिले. एकही परत गेला नाही की फाडला गेला नाही. आवरायचा विषय निघाला की साहेब म्हणत, “राहू द्या हो, ते काय खायला मागतात?” खायला नाही मागत साहेब, पण उत्तर तर मागतात! सगळंच भिजत घोंगडं. माझं पोट एवढं फुगलं की मी जागचा हलेनासा झालो.

आणि नेमकी तेव्हाच हिशेबाची जागा निघाली.

“ती बाळवाली ताई आहे ना, तिला बोलावू,” काका म्हणाले. त्यांनी मला ओढलं. कपाटाला पाय लावून ओढलं. मीही जीव खाऊन जोर केला. पण आत कागद असे आडवे झाले होते की काही केल्या मला सरकता येईना.

“सोडा तो नाद!” साहेब वैतागले. “जाहिरात द्या.”

जागा भरली. आणि मग ताई आली, बोट धरून चालणाऱ्या लेकीला घेऊन.

“उशीर केलात ताई,” काका खाली मान घालून म्हणाले. “जाहिरात नाही बघितली?”

“बघितली की. जाऊबाईंनीच दाखवली. म्हटलं, माझा कागद तर आहेच त्यांच्याकडे. पुन्हा कशाला त्रास द्यायचा? कळवतील.”

“आहेच ना!” साहेब म्हणाले. “आमच्याकडे कागद हरवत नाही.”

“हरवत नाही, मग सापडत का नाही?”

 साहेब सवयीने म्हणाले, “बरं, नवा देऊन ठेवा, कळव–”

“नको. जुना तेवढा परत द्या.”

काकांनी मला स्क्रूड्रायव्हरने उचकटलं. माझी एक कड वाकली ती कायमचीच. कागद निघाला, ठशासकट. लेकीने त्या ठशावर आपलं बोट ठेवून बघितलं. बोट केवढं तरी मोठं झालं होतं.

मित्रांनो, उद्या तुम्ही कुणाला तरी कामावर घ्याल. कुणाचा कागद ठेवलात, तर तो किती दिवस ठेवणार ते तेव्हाच सांगा. तेवढ्या दिवसांत बोलवा, नाहीतर स्पष्ट ‘नाही’ म्हणा आणि ज्याचा कागद त्याला द्या. ‘नाही’ ऐकून माणूस रडेल, पण दुसरं दार तरी ठोठावेल.

मी आता एका कागदाने हलका आहे. बाकीचे आतच आहेत. टेबलावरचा फोन वाजला की आपलंच बोलावणं आलं असेल म्हणून सगळे कान टवकारतात.