मागच्या बाकावरचा पुंजाराम

मी एक जुना बाक आहे. जाफराबादकडच्या एका खेड्यातल्या लहानशा चर्चमध्ये, अगदी मागे, दाराशेजारी माझी जागा. बाभळीच्या लाकडाचा, अंगाने जड आणि स्वभावाने जरा कडूच. सुताराच्या हातून माझा एक पाय आखूड झाला, म्हणून मला मागे ढकलले. मग चर्चच्या मंडळीने मला काम नेमून दिले. ज्याचे पाऊल घसरले त्याला प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरसाचा घोट, बंद; आणि माफी मिळेपर्यंत त्याने माझ्यावर बसायचे.

मित्रांनो, माझ्यावर हौसेने कोण बसणार? पुंजाराम मात्र माझा कायमचा झाला.

बाहत्तरच्या दुष्काळात तो आणि त्याची बायको चांगुणाबाई रस्त्याच्या कामावर खडी फोडत. रेशनची लाल ज्वारी घरात आली की तो ती हातभट्टीवाल्याला देऊन पिऊन यायचा आणि चांगुणाबाई पाणी पिऊन झोपायची. रविवारी तो सर्वांसमोर उभा राहून रडायचा. ते रडणे खोटे नव्हते. मंडळी माफ करायची, आणि आठवडी बाजार आला की स्वारी पुन्हा भट्टीवर.

पुढे पुढे तर माफी मिळाल्यावरही तो जागचा हलेना. चांगुणाबाई पुढच्या बाकावर आपल्या शेजारी पिशवी ठेवून त्याची जागा राखायची, वळून पाहायची. हा मला घट्ट धरून बसायचा. लोक म्हणत, किती नम्र माणूस! मला चीड यायची. आपण वाया गेलेलो आहोत असे त्याने एकदा ठरवून टाकले होते, त्यामुळे भट्टीकडे जायला त्याचे पाय मोकळे होते.

दुष्काळ सरला, पण त्याचे पोट फुगले, डोळे पिवळे झाले. एका रविवारी पाळक काकासाहेब प्रभुभोजनाचा प्याला घेऊन थेट मागे आले. पुंजारामने तोंडावर हात धरला.

"न्हाई साहेब. परवाच पेलो म्या. आधी सुटू द्या, मंग घेतो."

चांगुणाबाई उठून मागे आली. "उपाशी मी राह्यले. मला राग हाय, बिलकुल हाय. पन येशूनं माफ केल्यावर न्हाई म्हननारे तुमी कोन? त्याच्याहून मोठे हाव का?"

त्याचा हात खाली आला. तो प्यायला, आणि तिच्यामागून पुढे जाऊन बसला.

इथेच गोष्ट संपली असती तर किती बरे झाले असते! त्याच आठवड्यात तो पुन्हा प्यायला. रविवारी झोकांड्या खात आला, माझ्यापाशी थांबला, माझ्या पाठीवर हात टेकला. आता बसणारच, असे मला वाटले. पण तो पुढे गेला. वासाने शेजारचा माणूस उठून गेला. चांगुणाबाईने पिशवी उचलली.

पावसाळ्याआधीच तो वारला. मातीच्या दिवशी चर्चच्या अंगणात कोणीतरी म्हणाले, "काय उपेग झाला माफीचा?"

चांगुणाबाईने ते ऐकले. "दारू न्हाई सुटली. पन तोंड लपवून न्हाई गेले. बराबर माझ्याजवळ बसून गेले," ती म्हणाली, आणि भिंतीला धरून खाली बसली.

मित्रांनो, आम्हाला जपा असे सांगायची आम्हा जुन्या वस्तूंत रीत आहे. मी तसे सांगणार नाही. माझ्यावर बसायची वेळ आली तर बसा, पोटभर रडा. पण माफी मिळाली की उठा. आणि नाताळाच्या जेवणाला सरपण कमी पडले, तर मला खुशाल फोडा.