नाळेचा निरोप

नाळ म्हंजी काय, हे मला कुनी शिकवू नये. या गल्लीतली किती बाळंतपनं माझ्या डोळ्यादेखत झाली त्याला गनती न्हाई. बाळाच्या मागनं वार पडली की सुईन तिला हळदकुंकू लावून दारात पुरती, कुत्र्यानं उकरू नये म्हनून वर दगड ठेवती. आन् बाळाच्या बेंबीला जो देठ राहतो, वाळून गळतो, ती नाळ. ती टाकायची नसती, डबीत जपायची. लेकरू कशानंच उठंना झालं, तर तीच उगाळून चाटवायची. आमच्या आईनं हेच केलं, तिच्या आईनं हेच केलं. आधीच सांगून ठेवते, कारन पुढचं ऐकून ज्याला त्याला वाटतं की आमी येडी मानसं. येडी न्हवतो आमी.

मी रतन. नवरा गेल्यापासून काष्टीला धाकट्या भावाकडं, सूर्यभानकडं राहते. सूर्यभान दूध डेअरीवर कामाला. त्याची बायको जयमाला, गरीब गाय. घरात तोंड माझंच चालतं, हे अख्ख्या गावाला ठावं हाय. माझ्या तोंडाला तोंड देनारी एकच हुती, सूर्यभानची लेक निकिता. पहिलीत गेली तर शाळेच्या बाईंलाच शिकवायला निघाली हुती, येवढी टकळी!

एकाएकी तिच्या अंगावर निळे डाग पडाय लागले. मी जयमालावर वराडले, "पोरीला मारतीस का गं?" मग हिरड्यातनं रक्त याय लागलं. श्रीगोंद्याच्या डॉक्टरनं हात टेकले आन् पुन्याला धाडलं. तिथं काय काय तपासलं, सुया टोचल्या. माघारी आल्यावर सूर्यभान भिंतीला टेकून बसला.

"आक्का, हिच्या हाडात रक्त तयार व्हायचं बंद झालंय. आपल्या अंगात पहारेकरी असत्यात म्हनं, रोगाला हाकलनारे. तेच बिथरल्यात. चोर सोडून घरच्यालाच बडवत्यात."

"मग औषध काय?"

त्यानं जयमालाच्या पोटाकडं बघितलं. तिला सातवा लागला हुता. "डॉक्टरीनबाई म्हनल्या, होनाऱ्या बाळाची नाळ पायजेल. नाळेत मूळ पेशी असत्यात. त्या अंगात कसलं तरी रसायन सोडत्यात, ते रसायन म्हंजी निरोपच. पहारेकऱ्यांला सांगत्यात, गप बसा, हे आपलंच घर हाय. बाळाचं आन् हिचं जुळलं तर पोरगी उठंल. नववा लागला की पुन्यालाच या म्हनल्या."

निकी कोपऱ्यात गोधडीत पडून सगळं ऐकत हुती. "आत्या, निरोप चिठ्ठीत लिहून धाडत्यात का गं?"

"भाऊ आला की त्यालाच इचार."

"आन् बहीन आली तर?"

"तर निरोप बिगीनं येईल. बायकांच्या पोटात काय राहतंय व्हय!"

हसली. हसताना दात लाल दिसले. मी तोंड फिरवलं आन् उगंच चुलीतली लाकडं मागंपुढं केली.

पन नववा लागलाच न्हाई. आठव्यातच, भर बाजाराच्या दिवशी सकाळी, जयमाला कळशी उचलताना कळवळली. सूर्यभान गाडी बघाय पळाला. बाजाराच्या दिवशी काष्टीत रिकामी गाडी घावते व्हय? ज्या त्या टेम्पोत बैल, न्हाईतर शेळ्या. मी गल्लीतल्या रंगनाथला पुन्याला फोन लावाय सांगितला. त्याचा फोनचा बूथ बाजाराच्या तोंडालाच हाय. थोड्या वेळानं धापा टाकत आला.

"डॉक्टरीनबाई न्हवत्या, दुसरंच कुनी हुतं. धड ऐकाय येईना, बाहीर बैल हंबारत्यात, दलाल वराडत्यात. पन येवढं नीट ऐकलं: नाळ टाकू नका, जपून ठेवा, घेऊन या."

"येवढंच?"

"रक्ताचं कायतरी म्हनत हुते. पन बाळंतपन म्हनल्यावर रक्त आलंच की."

त्यात कुनाला काय वावगं वाटावं? तुमीच सांगा.

भागूबाई सुईन आली तवर बाळाचं डोकं दिसाय लागलं हुतं. पोरगा झाला. बारीक, पन आवाज खनखनीत. मी भागूबाईला बजावलं, "नाळंला जप गं बाई, तिच्यावर आमच्या पोरीचा जीव हाय." भागूबाईनं जन्मात नसंल लावलं इतकं मन लावून दोरा बांधला, मग कापलं. वार पडली. तिनं रिवाजापरमानं दारातल्या न्हानीच्या कडंला खड्डा घेतला आन् पुरली. मी सोता दगड ठेवला वर.

तेवढ्यात सूर्यभान टेम्पो घेऊन आला. मानसाच्या पाया पडून आनला हुता. दारातनंच वराडला, "नाळ कुठाय?"

"हाय की, पोराच्या बेंबीला," भागूबाई म्हनली. "सुकून आपसूक पडंल. वढायची न्हाई."

सूर्यभाननं घाम पुसला, बाळाकडं बघून रडला, आन् टेम्पो माघारी धाडला.

त्या देठाची आमी जशी राखन केली तशी राजाच्या पोराची नसंल झाली. निकीचं अंग बरं असलं की ती बाळाच्या उशाला येऊन बसायची. माशी बसली तर हाकलायची. "पडली का गं? पडली का?" देठ गळला तवा तिनंच आधी बघितला. सगळ्या गल्लीला पुकारा केला. माझी लग्नातली चांदीची कुंकवाची डबी हुती, नवरा गेल्यापासून रिकामीच. तिच्यात कापसावर ठेवली नाळ. मी म्हनलं, आज डबीचं सोनं झालं.

निकीनं डबी कानाला लावली. "बारीक बोलतोय गं, ऐकाय येत न्हाई."

दुसऱ्या दिवशी आमी पुन्याला. सूर्यभान, मी, मांडीवर निकी. डॉक्टरीनबाई मऊ बोलनारी बाई. सूर्यभाननं डबी दोन्ही हातांनी तिच्या म्होरं ठेवली, देवाम्होरं नारळ ठेवावा तशी. तिनं झाकन उघडलं. आत बघितलं. मग आमच्याकडं बघितलं. डबीला हात लावला न्हाई.

"हे काय आहे?"

"नाळ," सूर्यभान म्हनला. "तुमी सांगितलेली."

ती खाली बसली. "मला रक्त हवं होतं. बाळ झाल्याबरोबर नाळेत आणि वारेत जे रक्त उरतं ना, ते. ते पिशवीत धरून लगेच आणायचं होतं. निरोप देणाऱ्या पेशी त्या रक्तात असतात. ह्यात काही नाही. हा वाळलेला तुकडा आहे. वार कुठे आहे?"

सूर्यभाननं माझ्याकडं बघितलं. मग मीच म्हनले, "पुरली."

आन् मग माझं डोस्कं फिरलं. "तसं सांगायचं न्हवतं व्हय, बाई? वार म्हनायचं! रक्त म्हनायचं! आमच्यात नाळ हीच असती! येवढ्या शिकल्या, आन् एक शब्द आमच्या भाषेत सांगता येईना?"

"मी सांगितलं होतं," ती हळूच म्हनली.

सूर्यभान जमिनीकडं बघत म्हनला, "सांगितलं असंल. मला नाळ तेवढं कळलं."

बाईच्या डोळ्यात पानी आलं, तवा माझा राग कुठं ठेवावा ते मलाच समजंना. ती म्हनली, भाऊ जरा वाढला की त्याच्या हाडातनं पेशी काढून बघता येतील, जुळतं का ते. तवर पोरगीनं तग धरला पायजेल. तवर रक्त चढवत राहू. निकी माझ्या कडंवर हुती. मला वाटलं झोपली. एष्टीत बसल्यावर तिनं इचारलं, "म्हंजी निरोप आपल्या दारातच पुरलाय का गं, आत्या?"

घरी आले ती सरळ न्हानीपाशी गेले. दगड सारला, हातानंच उकरलं. बाळंतिनीच्या आंघोळीचं पानी रोज तिथनंच जात हुतं. नुसता चिखल हाताला आला. मी तिथंच बसून छाती बडवून घेतली. हातभर अंतरावर औषध हुतं हो, आमच्याच दारात! आन् आमी त्याच्यावर पानी वतत बसलो आन् एका वाळक्या काडीवरच्या माश्या हाकलल्या.

बाळानं मान धरली न्हवती अजून, तवा निकीला ताप भरला. अंगात लढाय कुनी उरलंच न्हवतं. पुन्याला न्हेली, रक्त चढवलं, माघारी आनली. नाकातलं रक्त थांबंना झालं तवा मी कुनाला न इचारता डबीतली नाळ काढली, कडंची जराशी दुधात उगाळली आन् तिच्या जिभेला लावली. मला ठावं हुतं त्यात काय न्हाई. तरी लावली.

"आला का गं निरोप?" मी इचारलं.

तिनं मान हलवली. आला म्हनली का न्हाई म्हनली, ते मला कळलं न्हाई. दुपारी गेली.

लहान लेकरू, म्हनून वढ्याच्या कडंला पुरायचं ठरलं. गडी मानसं खड्डा खांदून आली. पोरीला नवा फ्रॉक घातला. उचलनार, तेवढ्यात जयमाला पुढं झाली. तिच्या हातात डबी हुती.

भागूबाई तिच्या आडवी आली. "येडी का काय? जित्या लेकराची नाळ मेल्याबरूबर मातीत घालू नये. एक गेलंय, दुसऱ्याला का धाडतीस?"

मी भागूबाईवर उसळनारच हुते. पन ती गरीब गाय, जिचा आवाज मी कधी चढलेला ऐकला न्हवता, ती माझ्याकडं वळली.

"वन्सं, बाजूला घ्या त्यास्नी. माझ्या लेकीला निरोप द्यायचा राह्यलाय."

मी भागूबाईचा दंड धरून तिला मागं वढली. जयमालानं डबीचं झाकन काढलं, आन् डबी तशीच उघडी निकीच्या कानापाशी ठेवली.