मधलीच वॅगन आवळायची

माझी आई रेल्वेत वेल्डर आहे. मागच्या वर्षीपर्यंत हे मी वर्गात पुटपुटायचे, आता ठणकावून सांगते. ती रुळांची टोकं तापवून एकमेकांना जोडते आणि त्यातून एकच लांबलचक, अखंड रूळ तयार होतो. असे रूळ जागेवर न्यायला वेगळी गाडी लागते. वीस उघड्या वॅगनी, आणि एकेक रूळ पहिल्या वॅगनपासून थेट विसावीपर्यंत पसरलेला! तीच गाडी मी छोट्या मापात केली. पावणेतीन मीटर!

रूळ म्हणजे प्लास्टिकच्या बारीक पट्ट्या, गंजाच्या रंगात रंगवलेल्या. त्या धरायला प्रत्येक वॅगनवर दातेरी घोड्या, म्हणजे आधार, हव्या होत्या, म्हणून मी कंगवे कापले. घरातले तिन्ही संपले तेव्हा आई म्हणाली, "आता कामावर जाताना तुझी गाडीच फिरवते डोक्यावरून."

रविवारी हौशी मॉडेलवाल्यांच्या मंडळाचं प्रदर्शन होतं. नियम कडक. पहिल्या फेरीत गाडी घसरली की ती पुढच्या वर्षापर्यंत बाहेर. आणि शनिवारी माझी गाडी घरी, सोफ्याभोवतीच्या वळणावरच आडवी झाली. एकदा नाही, सलग सात वेळा! मी रडकुंडीला आले.

आई कामावरून आली ती पिशवी न उतरवताच खाली बसली. "अगं, वीसच्या वीस वॅगनींवर रूळ चिकटवलेस?"

"मग! हलायला नकोत ना."

"हलायलाच हवेत, बाई. वळणावर आतला रूळ एका बाजूला सरकतो, बाहेरचा दुसऱ्या. तू त्यांना जखडलंस, म्हणून ते वॅगनीच ओढून पाडतात. आम्ही ते मधल्या एकाच वॅगनवर आवळतो. बाकीच्यांवर नुसते टेकवतो."

"आणि पडले तर?"

"माझ्या कंगव्याचे दात फुकट गेले का?"

संध्याकाळभर बसून मी अठरा वॅगनींवरचा गोंद खरवडला. एकोणिसावीचा आईने.

मंडळाच्या प्रमुखांना सगळे 'सिग्नल' म्हणतात, कारण ते उठल्यासुटल्या हात आडवा करून कुणाला तरी थांबवतात. रविवारी त्यांनी माझ्या रुळाला बोट लावलं. रूळ सरकला. हात आडवा!

"पोरी, रूळ सुटलेत. तिकडे गोंद आहे, चिकटवून आण. मगच फेरी."

मागच्या वर्षीची मी असते तर मुकाट्याने गोंद आणला असता.

"काका, सुटले नाहीत, सोडलेत. चिकटवले तर गाडी पडेल."

"अस्सं? आणि असे सोडूनही पडली तर?"

"तर वर्षभर मंडळाच्या खोलीचा केर मी काढीन."

मागे कुणीतरी खो खो हसलं. सिग्नलांनी हात बाजूला घेतला.

गाडी निघाली. मोठं वळण आलं. वीसही वॅगनी एकामागून एक झुकत वळल्या आणि त्यांच्यावर रूळ असे वाकले, जणू कधी सरळ नव्हतेच. शेवटच्या वॅगनवर आतल्या रुळाचं टोक बोटाच्या पेराएवढं बाहेर आलं, बाहेरच्याचं तेवढंच आत गेलं. मग सरळ मार्ग लागला आणि सगळी टोकं पुन्हा गुपचूप एका रेषेत! एक चाकसुद्धा उचललं गेलं नाही.

सिग्नल खाली वाकून बघत राहिले. "हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात नाही. ती बघा, दाराशी उभी आहे. माझी आई. खरे रूळ तीच जोडते." हे मी इतक्या मोठ्याने म्हणाले की अख्खं सभागृह वळून बघायला लागलं.

आई कंगव्यावाचूनचे केस हाताने सारखे करत होती. सिग्नलांनी तिथूनच विचारलं, "ताई, खऱ्या गाडीतही रूळ असेच सरकतात?"

"मला काय विचारता?" आई म्हणाली. "गाडी तिची आहे. तिला विचारा."

सिग्नल माझ्याकडे वळले. मी मान डोलावली.

"सोडा दुसरी फेरी," ते म्हणाले. या वेळी हात आडवा नव्हता, वर होता.