पुढच्या थांब्यापर्यंत जाईल

नाही म्हणताना इन्स्पेक्टरबाईंनी उभ्या आयुष्यात कुणाची भीड ठेवली नव्हती. अपवाद एकच, जावई.

नोकरीत असताना त्या लिफ्ट तपासत. बिल्डर हातापाया पडायचे, वकील डोळे वटारायचे, पण दोराचे चार धागे तुटलेले दिसले की बाई दाराला लाल चिठ्ठी चिकटवून मोकळ्या व्हायच्या. मग अख्खी इमारत धापा टाकत जिने चढायची आणि त्यांच्या नावानं बोटं मोडायची. निवृत्त झाल्या तरी 'इन्स्पेक्टरबाई' हे नाव चिकटलं ते चिकटलंच. मात्र जावयासमोर याच बाईंच्या तोंडून 'हो', 'चालेल' आणि 'छानच आहे' याखेरीज काही निघत नसे. याला कारण जावयाचा स्वभाव. माणूस इतका सभ्य की त्याला नाही म्हणणं म्हणजे झोपलेल्या मांजराला लाथ मारणं. आणि तोही बाईंना कधी नाही म्हणत नसे. लग्नाला नऊ वर्षं झाली, दोघांमध्ये एकदाही वाद झाला नव्हता. लेकीला याचं फार कौतुक होतं.

तर त्या दिवशी सकाळी बाई जावयाच्या इलेक्ट्रिक गाडीत बसल्या, ते मनाशी एक गोष्ट पक्की करूनच. संध्याकाळी लेकीचं घर येण्याआधी जावयाला सांगून टाकायचं की मी तुमच्याकडे कायमची राहायला येणार नाही.

लेकीनं, म्हणजे चिमीनं, खोली तयार करून ठेवली होती. पडदे लावले होते, पलंग आणला होता, न्हाणीघरात धरायला दांड्यासुद्धा बसवल्या होत्या. "तू नुसती ये, बघ तरी," असं ती फोनवर म्हणाली होती. चिमी भूलतज्ज्ञ. तिच्यासमोर माणसं नाही म्हणायच्या आतच झोपी जातात, त्यामुळे तिला नकार ऐकायची सवयच नाही. ती स्वतःच न्यायला येणार होती, पण ऐनवेळी तिला इस्पितळातून सुटता येईना, म्हणून जावयाला धाडलं. गाडीत मागे बाईंच्या तीन बॅगा आणि शिवणयंत्र होतं. बाईंना राहायचं होतं आठच दिवस, आणि आठ दिवसांसाठी कुणी शिवणयंत्र नेत नाही. पण बॅगा उचलता उचलता "हेही घेऊ ना, आई?" असं जावयानं विचारलं आणि बाई "घ्या की" म्हणून बसल्या.

"सीट गरम करू का, आई? पाठीला बरं वाटेल."

"करा की."

पाठ दहा मिनिटांत तव्यावर ठेवल्यासारखी भाजू लागली. बाई जरा पुढे सरकून बसल्या.

गाडी मात्र झकास होती. आवाज म्हणून नाही. उतारावर पाय उचलला की चाकंच उलट वीज बनवून बॅटरीत भरत होती, आणि पडद्यावरचा आकडा कमी होण्याऐवजी चक्क वाढत होता. ते पाहून बाई मनातून खूश झाल्या. खाली येणाऱ्या लिफ्टचं असंच असतं. त्यांना हे बोलून दाखवायचं होतं, पण जावई प्रवासाची आखणी सांगत होता. तो शहराच्या बससेवेची वेळापत्रकं बनवायचा. कुठली बस कुठे किती थांबेल आणि ड्रायव्हर चहा कधी पिईल, सगळं तोच ठरवायचा. त्यानं वाटेत चार्जिंगचे तीन थांबे नेमले होते.

"तीनच?" बाईंनी विचारलं. त्यांच्या हिशेबी सत्य सांगायच्या संधीही तीनच होत्या.

"जास्त हवेत का? तुम्ही म्हणाल तसं."

"छे छे, तीन छान आहेत."

पहिला थांबा एका फरशांच्या दुकानामागे होता. गाडीला चार्जिंगची वायर लावून दोघं बाकावर बसले. बाईंनी थर्मासमधला चहा ओतला, घसा साफ केला आणि म्हणाल्या, "हे पाहा जावईबापू, मला तुमच्याशी जरा..."

"नमस्कार! कितीची बॅटरी?" शेजारच्या निळ्या गाडीतून एक गृहस्थ उतरले.

चार्जिंगला थांबलेली माणसं एकमेकांचे जन्मोजन्मीचे सोयरे असल्यासारखी बोलू लागतात, हे बाईंना ठाऊक नव्हतं. गृहस्थांनी आपली बॅटरी, टायरमधली हवा, मेहुण्याची गाडी आणि मेहुण्याचा मूर्खपणा असं सगळं क्रमानं सांगितलं. जावई प्रत्येक वाक्यावर मान डोलवत होता. गृहस्थ निघेपर्यंत गाडीही निघण्याजोगी झाली.

"तुम्ही काही म्हणत होतात, आई?"

"हेच, की... चहा गार होतोय."

दुसऱ्या थांब्याजवळ आले तेव्हा दुपार झाली होती. खांब दोनच आणि गाड्या पाच. रांगेत तो निळ्या गाडीवाला उभा होता आणि त्यानं ओळखून हात हलवला.  आणखी तासभर मेहुणा ऐकायचा, आणि मनातलं मनातच ठेवायचं!

त्यांनी पडद्यावरचा आकडा पाहिला. पुढचा थांबा जेमतेम पल्ल्यात दिसत होता. आणि तेव्हाच त्यांच्यातली इन्स्पेक्टर जागी झाली. लिफ्टच्या फलकावर आठ माणसं लिहिलेली असतात, पण दोर त्याच्या कितीतरी पट वजन पेलतो. कुठलाही शहाणा इंजिनिअर खरा शेवट दाखवत नाही, राखून ठेवतो. शिवाय वेळापत्रकवाल्या जावयानं आपल्या आखणीत थोडंफार हातचं राखलंच असणार.

"पुढच्या थांब्यापर्यंत जाईल की हो," बाई म्हणाल्या.

जावयानं पडद्याकडे पाहिलं, मग रांगेकडे, मग सासूबाईंकडे. 

"तुम्हाला वाटतंय ना, आई?"

"न जायला काय झालं!"

"मग जाईलच," जावई म्हणाला आणि त्यानं रांगेशेजारून गाडी पुढे काढली.

पहिला अर्धा तास बरा गेला. पुढे रस्ता उघड्या माळावर आला आणि समोरून वारा सुटला. रस्ताही कळेल न कळेल असा चढत होता. पडद्यावरचा आकडा आता टेबलावरून ओघळणाऱ्या पाण्यासारखा खाली येऊ लागला. जावयानं वेग कमी केला. मागून येणारे ट्रक भोंगे वाजवत पुढे जाऊ लागले, त्यांच्यामागून एक ट्रॅक्टरही गेला. बाईंनी हळूच हात लांबवून सीटची ऊब बंद केली.

"बंद केलीत?" जावयानं विचारलं.

"वीज वाचेल."

"हो, आणि तुम्हाला उकडतही होतं ना?"

बाई पुन्हा मागे टेकून बसल्या.

शेवटी पडद्यावर एक छोटंसं कासव उमटलं.

"हे काय?"

"आता गाडी कासवासारखीच चालणार, असं म्हणतेय."

कासवही फार चाललं नाही. एका बंद पडलेल्या कौलांच्या कारखान्याच्या फाटकाशी गाडीनं शेवटचा हुंकारही न देता जीव सोडला. पेट्रोलची गाडी मरताना निदान चार आचके तरी देते.

जावयानं मदतीसाठी फोन लावला. गाडी पाठीवर घेऊन जाणारा ट्रक तासाभरात येणार होता. दोघं फाटकाच्या कट्ट्यावर बसले. माळावर चिटपाखरू नव्हतं. संधी म्हणावी तर यापरती दुसरी नव्हती.

"मला वाटलं होतं, शून्याच्या खाली काहीतरी राखलेलं असेल," बाई म्हणाल्या. "लिफ्टमध्ये असतं."

"थोडं असतं. ते त्या कासवातच गेलं."

"आणि तुमच्या आखणीत? तुम्ही हातचं राखलं नव्हतं?"

"राखलं होतं ना. दुसरा थांबा हेच हातचं होतं."

बाईंनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "म्हणजे पोचणार नाही, हे तुम्हाला माहीत होतं?"

"साधारण."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही इतक्या खात्रीनं म्हणालात. जन्मभर यंत्रं तपासलेलं माणूस. म्हटलं, आपलंच चुकत असेल." त्यानं कट्ट्यावरची धूळ बोटानं पुसली. "आणि खरं सांगू? तुम्हाला नाही म्हणायचं धाडस झालं नाही."

बाईंना आधी राग आला. मग हसू आलं. आणि मग एकदम त्यांच्या लक्षात आलं की लाल चिठ्ठी लावायची ती हीच वेळ.

"तुम्ही मला दर वेळी बीटाचं सूप करून घालता," त्या म्हणाल्या.

"हो! तुम्हाला आवडतं म्हणून."

"मला ते बघवत नाही."

जावयाचं तोंड उघडंच राहिलं. "पण पहिल्यांदा केलं तेव्हा तुम्ही दोनदा मागून घेतलंत."

"तुम्ही पातेलं घेऊन समोर उभे होतात. काय करणार!"

"आई, मी ते फक्त तुमच्यासाठी करतो. आम्ही कुणीच खात नाही. चिमी तर त्या दिवशी मुद्दाम ड्युटी लावून घेते."

दोघंही खो खो हसले. जावयाला हसताना ठसका लागला. तो पाणी प्यायला आणि धीर करून म्हणाला, "तुम्ही विणलेला तो तपकिरी स्वेटर..."

"टोचतो का?"

"टोचत नाही, आई. चावतो."

"मग भर उन्हाळ्यात घालून का बसता हो?"

"तुम्ही येणार असता म्हणून."

बाईंनी डोळे पुसले. हसून पाणी आलं होतं, पण सगळंच हसण्याचं नव्हतं. वारा पडला होता. आता नाही तर कधीच नाही, असं त्यांना वाटलं.

"मी तुमच्याकडे राहायला येणार नाही," त्या म्हणाल्या. "कायमची. आठ दिवस राहीन आणि परत जाईन. सकाळपासून हेच सांगायचं चाललंय."

जावई कट्ट्यावरचं गवत उपटत राहिला. "आमचं काही चुकलं का?"

"चुकलं असतं तर भांडले असते आणि राहिले असते. तुमच्या घरात मी नऊ वर्षं पाहुणी आहे. पाहुण्यानं आठ दिवस पोट आत घेऊन बसावं. जन्मभर कसं बसणार? आणि तुम्ही तरी किती दिवस स्वेटर घालणार?"

त्यानं हातातलं गवत झटकलं. मग म्हणाला, "पटतंय. पटायला नको होतं, पण पटतंय. मी चिमीला दोन-तीनदा म्हणणार होतो, की आईंना आधी विचार, मग भिंती रंगव."

"म्हणालात का मग?"

"नाही."

"तिलाही नाही म्हणत नाही तुम्ही?"

"तिला कोण म्हणतं?"

नेमका तेव्हाच त्याचा फोन वाजला. चिमीच होती. "मी सांगतो," जावई म्हणाला. "नको, मी सांगते," बाई म्हणाल्या. "नाही आई, माझं कर्तव्य..." "तुमचं कर्तव्य दुसऱ्या थांब्यावर होतं," असं म्हणून बाईंनी फोन हातातून ओढून घेतला.

"चिमे, आम्ही वाटेत अडकलोय. सुखरूप आहोत. बॅटरी संपली, चूक माझी. दुसरं, मी तुझ्याकडे कायमची येत नाहीये."

पलीकडे इस्पितळाच्या घंटा वाजत होत्या.  मग चिमीचा आवाज आला तो बारीक, ती लहानपणी ताप भरल्यावर हाक मारायची तसा. "खोली बघून तरी ठरव, आई. एवढी मेहनत केलीय मी."

"म्हणूनच आधी सांगतेय. खोली बघितली की माझ्या तोंडून हो जाईल."

"आणि तिकडे एकटी पडलीस-झडलीस तर?"

हा प्रश्न खरा होता.  "पडले तर तुला फोन करीन," त्या सावकाश म्हणाल्या. "लपवणार नाही, एवढा शब्द देते. आजवर लपवायचे. मागे गुडघा सुजला होता, तेव्हा ठीक आहे म्हणाले होते. ठीक नव्हता."

"आई!"

"यापुढे ठीक नसलं तर नाही म्हणेन. मग तू ये, नाहीतर मला घेऊन जा. त्या वेळचं त्या वेळी."

चिमीनं नाक ओढलं. मग तिनं फर्मावलं, "त्याला फोन दे." जावयानं फोन कानाला लावला. बाईंना पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. तू काहीच कसं बोलला नाहीस, तुला समजवायला पाठवलं होतं, वगैरे. जावई उभा राहिला. त्यानं शर्ट नीट केला, जणू बायको त्याला बघत होती.

"नाही चिमे. आईंचं बरोबर आहे," तो म्हणाला.

फोनमधून चिमीचा आवाज आला, "तुम्ही दोघं एका बाजूला कधीपासून झालात?"

बाई फोनच्या दिशेनं ओरडल्या, "बॅटरी संपल्यापासून!"

पलीकडून आधी हुंदका आला की हसू, ते कळलं नाही. चिमी म्हणाली, तिला आता आत जायचंय, पेशंट वाट बघतोय, आणि आठ दिवस म्हणजे पुरे आठ दिवस, सातव्या दिवशी कुणी बॅग भरायला घेतली तर ती भूल देऊन झोपवेल.

ट्रक आला. ड्रायव्हर पिळदार मिशांचा, गप्प माणूस. त्यानं गाडी साखळ्यांनी पाठीवर ओढून घेतली, बांधली, प्रत्येक साखळी हलवून पाहिली. बाईंनी त्याच्या मागोमाग प्रत्येक साखळी पुन्हा हलवून पाहिली. केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी दोघांपुरतीच जागा होती. एक खिडकीची, एक मधली. मधल्या जागेत गिअरचा दांडा गुडघ्यांत येत होता.

"चढा," ड्रायव्हर म्हणाला.

जावई सवयीनं बाजूला सरला. "आई, तुम्ही खिडकीशी..." त्यानं सुरुवात केली आणि अडखळला.  "आई, रागावू नका. पण खिडकी मला हवीय. मधे बसलं की मला मळमळतं. ओकतो मी."

"अगंबाई! मग आधी सांगायचं ना," असं म्हणत इन्स्पेक्टरबाई पदर खोचून ट्रकवर चढल्या आणि दांड्याच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय टाकून मधल्या जागेवर ऐसपैस बसल्या.