दोनशे सातवी ओळ

महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी दहा वाजता आमचा प्रोग्रामरांचा गट एका ड्रायव्हिंग स्कूलच्या वर्गात जमतो. भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचे तक्ते, कोपऱ्यात टेबलाला ठोकलेलं स्टिअरिंग आणि समोर आमचा पडदा. यादीत तेवीस नावं. सहा वर्षं हजेरी मीच ठेवतो, त्यामुळे कोण कशासाठी येतं ते मला पक्कं ठाऊक. नऊ जण शिकायला येतात, पाच शिकवायला, चौघे नोकरी बदलायची म्हणून, तिघे शनिवारी घरी साफसफाई असते म्हणून आणि एक जण शंका काढायला. त्याला आम्ही शंकासुर म्हणतो. तो पहिल्या बाकावर बसला की बोलणारा आपली पानं पुन्हा एकदा चाळून घेतो. उरलो मी. मी या बावीस जणांवर लक्ष ठेवायला येतो.

शिकणाऱ्या नऊ जणांत माझी वहिनी. दादाची बायको. एका डायलिसिस केंद्रात अकरा वर्षं रिसेप्शनवर आहे. दोन वर्षांपूर्वी आईने तिला माझ्यामागे धाडलं होतं, "हा दर शनिवारी नक्की जातो कुठे, बघून ये एकदा." ती बघायला म्हणून आली ती बसलीच. पहिल्या दिवशी तिने वहीत सगळं उतरवून घेतलं, भिंतीवरचा 'हॉर्न वाजवू नये' सुद्धा.

केंद्रात खुर्च्या नऊ, पाळ्या तीन. प्रत्येक पेशंट आठवड्यातून तीनदा येणार, चार-चार तास मशीनला जोडून बसणार. हा सगळा संसार एका रजिस्टरात, पेन्सिलीने. एक पेशंट आला नाही की वहिनीचं खोडरबर सुरू आणि मागोमाग पाच-सहा फोन. कधी फोन लागेपर्यंत तास निघून जायचा, खुर्ची रिकामी राहायची आणि ज्याला ती हवी होती तो घरी पाय सुजवून बसलेला असायचा. हे तिने अकरा वर्षं पाहिलं होतं. मग चौदा महिने खपून तिने खुर्च्या लावणारा प्रोग्राम लिहिला. स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्ट्या मोजत. एकदा एक शिट्टी जास्त झाली तेव्हा दादा म्हणाला, "तुझ्या प्रोग्रामात भात शिजतो का बघ."

आमच्या गटाचा कडक नियम एकच. कोणीही काही लिहिलं की दुसऱ्याने ते ओळ न् ओळ वाचून पास करायचं, त्याशिवाय ते घ्यायचं नाही. या नियमावर मी स्वतः तीनदा भाषण केलेलं आहे. वहिनीचा प्रोग्राम वाचायचं काम माझ्याकडे आलं. वाचला, पास केला, दादाच्या घरी जाऊन सांगितलंही, "बारकाईने बघितलं हं वहिनी. झकास."

"बारकाईने?" तिने विचारलं.

"अगदी."

ती हसली. मला वाटलं, खूश झाली.

दोनच दिवसांनी, महिन्याच्या पहिल्या शनिवारी, केंद्राच्या मुख्य सिस्टर तो प्रोग्राम बघायला आल्या. सगळ्या केंद्राला धाकात ठेवणारी बाई, पण आमच्या बाकावर पर्स मांडीत घेऊन सरळ बसली होती. त्यांना एकपर्यंतच वेळ होता आणि निर्णय तिथेच व्हायचा होता. हो म्हणाल्या तर सोमवारपासून वहिनीचा प्रोग्राम. नाही म्हणाल्या तर बाहेरच्या कंपनीचं तयार सॉफ्टवेअर येणार आणि वहिनीचे चौदा महिने तिच्या लॅपटॉपातच राहणार.

वहिनी पडद्यासमोर उभी राहिली. आवाज सुरुवातीला जरा चिरकला, मग लागला. एक पेशंट गैरहजर दाखवला, क्षणात खुर्ची दुसऱ्याला गेली, त्याला मेसेजही गेला. मागच्या बाकावरून "वा!" आलं. साफसफाईवाल्या तिघांपैकी कोणीतरी. शंकासुर गप्प होता. माझ्या हजेरीवहीत अशी नोंद पूर्वी नाही.

"छान आहे," सिस्टर म्हणाल्या. "पण हे तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणी तपासलंय का? माझी माणसं आहेत त्या खुर्च्यांवर."

वहिनीने पडद्यावर ते पान उघडलं. हिरवी खूण, तिच्याशेजारी माझं नाव. बावीस माना वळल्या. मी चष्मा सारखा केला.

"तुम्ही वाचलंत हे सगळं?" सिस्टरांनी मला विचारलं.

"हो, अर्थात."

वहिनीने पान खाली सरकवलं. दोनशे सातव्या ओळीवर थांबली. तिथे प्रोग्रामाच्या मधोमध, यंत्र जी वगळून पुढे जातं आणि जी फक्त वाचणाऱ्या माणसासाठी असते अशी एक टीप होती: 'भावोजी, इथपर्यंत आलात तर फोन करा. चहा टाकते.'

आधी कोणालाच कळलं नाही. मग कळलं, की फोन गेलाच नव्हता. ड्रायव्हिंग स्कूलचं छप्पर उडेल असे हसले लोक. शंकासुराने तर उठून पडद्याजवळ जाऊन पानावरच्या वेळा वाचल्या. "उघडलं एक वाजून दहा मिनिटांनी, पास केलं एक्केचाळीस सेकंदांत. ओळी चारशे बारा. म्हणजे सेकंदाला दहा ओळी! काय नजर आहे हो तुमची!"

दुसऱ्यांचे हिशेब ठेवणाऱ्या माणसाचा हिशेब असा भर सभेत मांडला गेला. मी स्टिअरिंगकडे बघत बसलो. गाडी असती तर पळालो असतो.

पण सिस्टर हसल्या नव्हत्या. त्यांनी पर्सची चेन लावली. "म्हणजे हे कोणीच तपासलेलं नाही."

"नाही," वहिनी म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "दोन दिवस फोनची वाट बघितली मी. आज गप्प बसले असते तर तुम्ही हो म्हणाला असता, सिस्टर. पण मग सोमवारी त्या खुर्च्यांकडे मला बघवलं नसतं."

मी उठलो. "चूक तिची नाही, माझी आहे," मी म्हणालो. "वाचलं नव्हतं. घरचंच आहे, बरोबरच असणार, असं धरून चाललो. सिस्टर, साडेअकरा झालेत. एकपर्यंत बसाल? आत्ता वाचतो. सगळे मिळून, तुमच्यासमोर."

सिस्टरांनी घड्याळ पाहिलं, मग वहिनीकडे. "बसते. पण मला समजेल अशा भाषेत."

मग जे झालं ते आमच्या सहा वर्षांत झालं नव्हतं. एकेकाने पुढे येऊन एकेक ओळ वाचायची आणि तिचा अर्थ सिस्टरांना साध्या मराठीत सांगायचा. शिकवायला येणाऱ्या पाचांची इथे चांगलीच फजिती झाली. त्यांना सगळं येत होतं, फक्त सांगता येत नव्हतं. शिकणारे सांगू लागले. वहिनी नुसती उभी, अडलं तरच बोलणार. तीनशे चाळिसाव्या ओळीला मीच होतो. "पेशंट आला नाही, तर वेटिंगमधल्या पहिल्याला ती खुर्ची."

"पहिल्याला म्हणजे कोणालाही?" सिस्टर पुढे झुकल्या. "आणि त्याला कावीळ असली तर? त्यांचं मशीन वेगळं असतं आमच्याकडे."

"ते बघतो की प्रोग्राम," मी म्हणालो आणि मागे जाऊन पाहिलं. आठवड्याची यादी लावताना बघत होता. ऐनवेळी खुर्ची बदलताना बघत नव्हता.

वहिनीने कपाळाला हात लावला. "अकरा वर्षांत मी रजिस्टरात ही चूक कधी केली नाही, सिस्टर. हाताला सवय होती. त्यामुळे लिहायचं सुचलंच नाही."

ती खुर्ची ओढून बसली आणि सगळ्यांच्या देखत तीन ओळी लिहिल्या. त्या शंकासुराने वाचल्या. तीन ओळींना त्याने अकरा मिनिटं घेतली, सहा शंका काढल्या आणि सहाव्या उत्तरानंतर म्हणाला, "ताई, हे मला असं सुचलं नसतं." हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकायला शिकवणारे पाच जण सहा वर्षं थांबलेत.

एकला पाच कमी असताना चारशे बारावी ओळ संपली. सिस्टर उठल्या. "सोमवारपासून. पहिला आठवडा शेजारी रजिस्टरही ठेवायचं."

"ठेवणारच होते," वहिनी म्हणाली.

"आणि ते बाहेरचं सॉफ्टवेअर दाखवायला आले होते ना, त्यांना मी हाच प्रश्न विचारला होता. कोणी तपासलं? म्हणाले, कंपनीने. कंपनी म्हणजे कोण, ते त्यांना सांगता आलं नाही." त्यांनी आमच्या बाकांवरून एकदा नजर फिरवली. "इथे निदान सगळ्यांची तोंडं पाहिली मी."

सोमवारी मी ऑफिसात बसलो होतो, पण काम काही होत नव्हतं. दर पाच मिनिटांनी फोन उलटा-सुलटा करत होतो. सव्वाअकराला तो वाजला.

"भावोजी! दोन पेशंट आले नाहीत आज. दोन्ही खुर्च्या भरल्या. एका आजोबांना तर कावीळवाल्या मशीनवर बरोबर पाठवलं त्याने."

"आणि लोक काय म्हणाले?"

"काही नाही! कोणाला कळलंच नाही काही बदललंय ते. येतायत, बसतायत, पेपर वाचतायत." तिला हसू आवरत नव्हतं. "मी मेली सकाळपासून रजिस्टर घेऊन बसलेय, पेन्सिलीला टोक काढून. एकदाही खोडायला लागलं नाही."

मी सतरा वर्षं या धंद्यात आहे. कोणाच्या लक्षातही येणार नाही इतकं सुरळीत काम माझ्या हातून किती वेळा झालं, ते मोजायला एका हाताची बोटं पुरतील. फोन ठेवला तेव्हा शेजारच्या टेबलावरची मॅनेजर बघत होती.

"कोण होतं? एवढे कशाला हसताय?"

"आमच्या गटातली एक डेव्हलपर," मी म्हणालो. "तिचा प्रोग्राम आज सुरू झाला." आणि खुर्ची तिच्याकडे वळवून पहिल्या ओळीपासून सांगायला बसलो.