व्रणावर अंगठा

सोफ्याला कापड ठोकताना पिना मारायच्या बंदुकीतली पिन धाकटीच्या तळहातात घुसली, त्याला बरेच महिने झाले. जखम केव्हाच भरली. दुखणं मात्र पाठ सोडेना. उलट मनगटावरून कोपरापर्यंत चढलं. आणि गंमत बघा, जाडंभरडं कापड एकवेळ चालायचं, पण मऊ मखमल नुसती घासली तरी हाताची आग आग व्हायची.

असलं दुखणं कोण खरं मानणार? दुरुस्त केलेल्या खुर्चीचा टाका अंगठ्यानं दाबून बघायचा, ही त्यांच्या कारखान्यातली रीत. थोरल्या भावानं, दादानं, तिचा व्रणही तसाच दाबून बघितला. नेमकं तिथे दाबल्यावर दुखलं नाही.

"टाका तर पक्का आहे, मग दुखतंय कुठे?" वहिनी तोंडावर म्हणाली.

"माझा विश्वास आहे तुझ्यावर," दादा म्हणाला. त्या एका वाक्याच्या जिवावर धाकटीनं सगळ्यांचे टोमणे गिळले.

डॉक्टरीणबाईंनी व्रण सोडून आजूबाजूला कापूस फिरवला. धाकटीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"जखम बरी झाली," बाई म्हणाल्या, "पण इतके दिवस दुखण्याचे निरोप येत राहिले, की पाठीच्या कण्यातल्या मज्जापेशी नको तितक्या हळव्या झाल्यात. आता साधा स्पर्शही त्या मेंदूला दुखणं म्हणूनच कळवतात. म्हणून तर ते जखमेबाहेर पसरलं. उपचार आहेत, वेळ लागेल. पण हे ढोंग नाही. काल तुमचे भाऊ येऊन म्हणत होते, 'ती नाटक करतेय, कामाला ठणठणीत आहे असं लिहून द्या.' त्यांनाही समजावा."

धाकटीला आधी वाटलं, बाई दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतायत. वहिनीचा तिला राग नव्हता. ती निदान समोर बोलली. दादानं मात्र केसानं गळा कापला. विश्वास नव्हता, तर आहे म्हणून सांगायचं कशाला?

कारखान्यात शिरताच तिनं विचारलं, "काल डॉक्टरकडे गेला होतास?"

दादानं हातोडी खाली ठेवली. "अगं, कामं तुंबलीत सगळी. वाटलं, त्यांनी लिहून दिलं की तुझ्या मनातली भीती जाईल. चुकलो गं मी."

तो जवळ आला आणि लहानपणापासून ठेवायचा तसा त्यानं तिच्या दुसऱ्या, धडधाकट हाताच्या खांद्यावर हात ठेवला. चटका बसल्यासारखी ती मागे सरकली.

"ही तर चांगली बाजू ना तुझी?" दादा गोंधळला.

"चांगलीच आहे," धाकटी म्हणाली.