सगळ्या छबूबाई

अजिंक्यच्या त्या पेट्यांना मी वर्षभर नावं ठेवली. हा आमच्या वरच्या मजल्यावर राहणारा, माण गावातल्या कंपनीत कॉम्प्युटरपुढे बसणारा माणूस. सुट्टी असली की लोकांच्या गच्च्यांवर चढून काडेपेटीएवढे रेडिओ बांधत हिंडायचा. "वहिनी, नेट बंद झालं, टॉवर बंद झाले, तरी निरोप ह्या गच्चीवरून त्या गच्चीवर जात राहील," म्हणायचा. मी म्हणायचे, "आधी स्वतःसाठी बायको बघा, मग गच्च्या बघा!" आमच्या ह्यांनी मात्र त्याच्याकडून खिशात ठेवायला एक पेटी मागून घेतली. हे चाकणला कामगारांची बस चालवतात.

त्या दिवशी बंद होता. सकाळी नेट गेलं, दुपारी फोनची रेंजही गेली. मी खिडकीपाशी नुसती येरझारा घालत होते. तेवढ्यात मोबाईल वाजला. आमच्या गच्चीवरच्या पेटीवरून ह्यांचा निरोप आला होता.

'जया, बसवर दगड पडले. गाडी मागे घेताना एक पोरगा चाकाखाली आला. लोक मला शोधतायत. पळालोय.'

तशीच अनवाणी वर धावले आणि अजिंक्यचं दार बडवलं. पहिल्यांदा ह्यांचाच विचार आला, खोटं कशाला बोलू. त्या पोराचा नंतर आला. त्यालाही घरी कोणी वाट बघणारं असेल.

अजिंक्यने निरोप वाचला आणि खालीच बसला. "वहिनी, हे फक्त तुम्हाला नाही आलं. मी सगळ्यांच्या निरोपांची एकच खोली ठेवलीय. ज्याच्याकडे पेटी आहे तो प्रत्येक जण वाचतो."

"कपाळ माझं! मग आता?"

तेवढ्यात खाली नवा निरोप आला. 'ड्रायव्हर कुठं लपलाय?' पाठवणाऱ्याच्या नावाची जागा रिकामी होती. अजिंक्य म्हणाला, "मी लावलेल्या प्रत्येक पेटीला मी नाव दिलंय. ही माझी नाही वाटत."

श्वास घेतला तरी त्या माणसाला ऐकू जाईल, असं वाटत होतं मला.

मग आला छबूबाईंचा निरोप. ह्या मोशीच्या पुढच्या, जुन्या गावातल्या शेतकरीण बाई. त्यांचं घर तीन मजली, म्हणून अजिंक्यने तिथं पेटी बसवली होती. त्या बोलतात आणि सून लिहिते. 'जयमाला पोरी, रडू नगं. तुजा मालक माज्या घरात हाय. भाकरी खातोय.'

मी हात जोडले. देवाला जोडले की त्या म्हातारीला, मलाच कळलं नाही. डोळे पुसते न पुसते तोच खाली रिकाम्या नावाने उमटलं, 'कोण छबूबाई? गाव सांगा.'

अगं बाई! जन्मभर ह्या बांधावरून त्या बांधावर ओरडून खुशाली कळवलेली बाई ती. पेटीसुद्धा तिनं तशीच वापरली. "म्हातारे, गप बस गं, गप बस!" मी मोबाईलवरच ओरडले.

पण ह्या पट्ट्यात छबूबाई काय एकच आहे? आमच्याच गल्लीत दोन आहेत. मी अजिंक्यला विचारलं, "ह्यात नाव बदलता येतं?"

"येतं की. कोणीही काहीही ठेवू शकतं, पेटी कुठली ते नाही दिसत."

मी माझं नाव बदललं आणि लिहिलं. 'छबूबाई: ड्रायव्हर माझ्याकडं हाय. दिघीत.'

अजिंक्यनेही नाव बदललं. 'छबूबाई: न्हाई, माझ्याकडं हाय. भोसरीत.'

आणि काय सांगू, कोणाला सांगावंच लागलं नाही! 'छबूबाई: पिंपरी कॅम्पात आहे, आमच्या दुकानाच्या मागं.' 'छबूबाई: अहो, आमच्याकडे चहा पितोय.' गच्चीमागून गच्ची छबूबाई होत गेली. कोण कुठली माणसं ही, तोंडं तरी बघितलीत का मी त्यांची? मी हसत होते आणि रडतही होते. रिकाम्या नावाने एक घाणेरडी शिवी लिहिली आणि तो गप्प झाला.

मग हे आलं. 'छबूबाई: दारावर लाथा मारत्यात.'

लगेच त्याखाली, 'छबूबाई: पाव्हणा वावरातून निघून गेला.' त्याखाली, 'छबूबाई: जेवून झोपलाय, काळजी नगं.'

"ह्यातली खरी कोणती?" मी विचारलं. अजिंक्य निरोप वर-खाली सरकवत राहिला. "अहो भाऊ, खरी कोणती? दारावर लाथा कोणाच्या?"

"वहिनी, आता मलाही नाही कळायचं."

ह्यांनी मला लाडाने ठेवलेलं एक नाव आहे, ते बाहेर कोणालाच ठाऊक नाही. मी लिहिलं, 'ह्यांना विचारा, लाडाने मला काय म्हणतात?' खऱ्या छबूबाईलाच उत्तर देता येईल. बोट पाठवायच्या खुणेवर नेलं आणि तिथंच थांबले. ती म्हातारी नुसतं उत्तर देऊन थांबणारी नव्हती. मला धीर यावा म्हणून गाव, आळी, दार, सगळं सांगून मोकळी झाली असती. आणि तो रिकाम्या नावाचा वाचतच होता.

माझा नवरा जिवंत आहे का, एवढंच मला हवं होतं हो, दुसरं काही नको होतं.

मी लिहिलेलं सगळं पुसलं. पुन्हा लिहिलं, 'छबूबाई: माझ्याकडं हाय. सुखरूप हाय,' आणि पाठवून दिलं.